बाबांचा खोकला

सेफ्रू, रमजान २

चि. नेझा हिस सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना तुझी थोरली बहीण कागदावर का लिहिते म्हणून हसशील. हस. गेल्या महिन्यात गुडघा दुखतो म्हणून फोनवर तुला निरोप ठेवला, तो तू तुझ्या व्हिडिओत सगळ्या मोरोक्कोला ऐकवलास. आता बाजारात ऑलिव्हवाला आधी गुडघ्याची चौकशी करतो आणि मग तराजू उचलतो. कासाब्लांकाच्या कोण्या बाईने उंटाच्या चरबीचा लेप सुचवला आहे. अगं, गुडघा बहिणीला सांगितला होता, गावाला नव्हे. हे पत्र तरी वाच आणि चुलीत घाल.

तुझी मिळकत वाढली, तुझ्या जवादच्या पाठीचं ऑपरेशन झालं, ह्याचा आनंद आहे. खोटं कशाला लिहू? पण आता रमजानभर स्वयंपाकघरातही फोन चालू ठेवणार म्हणतेस. वियाम तेरा वर्षांची झाली. तू तिची आई आहेस, जास्त काय लिहू? आमचे हे म्हणतात, नेझाच्या हातची शबाकिया खाऊन वर्ष झालं, मिठाईचा डबा पाठव म्हणावं, पण तो बांधताना व्हिडिओ नको.

लोभ आहेच, तो कॅमेऱ्यामागे ठेव.

तुझी
तौरिया

मेकनेस, रमजान ७

ती. लल्ला तौरियाताई हिस नेझाचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. चुलीत घातलं नाही, उशीखाली ठेवलंय. गुडघ्याबद्दल माफ कर. पण लेपाने उतार पडला का ते कळव, लोक रोज विचारतात!

तुझा टोमणा लागला, म्हणून स्पष्टच लिहिते. शिलाईच्या कारखान्यात सुटताना मुकादमीण आमचं अंग चाचपायची. संडासात जरा वेळ लागला की दारावर थाप. दुसऱ्यांदा जायचं तर पाळी आलीय हे रांगेतल्या सगळ्यांसमोर सांगावं लागे. तेव्हा नेझाची अब्रू जातेय असं कोणी म्हणालं नाही, कारण तिला भावच नव्हता. आता तेच मी माझ्या घरात, माझ्या मर्जीने विकते आणि भाव बरा मिळतो. कमावता नवरा जवाद बांधकामाच्या परांचीवरून पडला तेव्हा कोणाच्या मर्यादेने आमचं भाडं भरलं, सांग बरं?

फळीवरचा फोन दुपारपासून लाइव्ह असतो. बायका आपापल्या घरी कांदा चिरत माझं हरीराचं सूप शिजताना बघतात. एकट्या असतात बिचाऱ्या. वियामला फोन कुठे असतो ते ठाऊक आहे, ती त्याच्यासमोर येत नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.

भाओजींना मिठाई पाठवलीय, व्हिडिओ न करता. राग नसावा, आणि असला तरी पत्र असावं.

तुझी
नेझा

सेफ्रू, रमजान १३

चि. नेझा,

शेजारच्या लतीफाने फोन आणून दाखवला. वियाम स्वयंपाकघरात येते, मागे वळून बघते, फ्रिजचं दार उघडते आणि त्याच्याआड बसून घाईघाईने पाव खाते. भर दुपारी. बघणाऱ्या बायकांना का ते क्षणात कळलं. त्या दिवसांत रोजा नसतो हे कोणाला ठाऊक नाही? कोणी मुबारक लिहिलं, कोणी फुलं पाठवली, कोणी विचारलं, पहिलीच का? ते तिच्या वर्गातल्या मुलांनीही वाचलं. लतीफा सांगते, हरीराचं पातेलं नीट दिसावं म्हणून तू सकाळीच फोन फळीवरून खिडकीत नेला होतास. पोर फळीपासून लपत होती गं.

नेझा, आपले बाबा आठवतात का तुला? ठणठणीत माणूस, वर्षभर कधी खोकला नाही. पण रमजानात दुपारी वर येताना जिन्यावरच खोकायचे. आपण घास गिळून उरलेला पाव परातीखाली सारला की मग आत यायचे आणि विचारायचे, पोरींनो, रोजा जड जातोय का? आपण चेहरा पाडून हो म्हणायचो. त्यांना कळतं हे मरेपर्यंत त्यांनी कळू दिलं नाही. गरीब होतो आपण, पण ह्या बाबतीत कोणाचे मिंधे नव्हतो.

तो व्हिडिओ आजच्या आज काढून टाक आणि वियामला माझ्याकडे पाठव. आशीर्वाद तिच्याबरोबर परत पाठवीन.

तौरिया

मेकनेस, रमजान १६

ती. लल्ला हिस सलाम.

वियाम पोचली हे टॅक्सीवाल्याकडून कळलं. माझ्याशी ती बोलत नाही. नीट जेवते का, कळव.

बाबांचं वाचून ओट्याशी बसून रडले. विसरलेच होते मी ते.

व्हिडिओ अजून काढून टाकलेला नाही. बोट ठेवलं होतं, तेवढ्यात एका साबणाच्या कंपनीचा फोन आला. इतका चाललेला आमचा दुसरा व्हिडिओ नाही. जवाद म्हणतो, ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं, आता काढून टाकून पोरीचं काय परत मिळणार आहे? तुला उत्तर सुचलं तर लिही.

वियाम कुठे गेली म्हणून लोक सारखे विचारतात. ईदला येतो. तोवर तिला जवळ घे.

नेझा

सेफ्रू, शव्वाल ९

नेझास,

ईदच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि जिन्यावर खोकलीस. अगदी बाबांसारखी. मी हातातली किटली तशीच खाली ठेवली. बाबांची गोष्ट मी वियामला सांगितली होती, त्यामुळे तिला खूण पटली. ती धावत जिन्यावर आली, तुझ्या गळ्यात पडली आणि कित्येक दिवसांनी आई म्हणाली. जवाद चार पायऱ्या मागे होता. मला वाटलं, पाठीमुळे हळू चढतोय.

परवा लतीफाने पुन्हा फोन आणला. त्यात तोच जिना, चार पायऱ्या मागून टिपलेला. ‘आमच्या बाबांचा खोकला’ असं नाव दिलंयस आणि खाली साबणाची वडी. तू इथेच ठेवून गेलेल्या वियामने शेवटपर्यंत पाहिलं, लतीफाला फोन दोन्ही हातांनी परत दिला आणि भांडी घासायला बसली.

जवादच्या प्रश्नाचं उत्तर मागितलं होतंस. काल ह्यांना सर्दीने खोकला आला, साधाच, दारातून आत येताना. पोरीने घास टाकला, ओढणी डोक्यावर घेतली आणि फळीवर, खिडकीत, भांड्यांमागे फोन शोधायला लागली. हे तिथेच उभे राहिले, तोंडावर हात दाबून. आता खोकला आला की ते अंगणात जातात.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज ती राहू दे. आणि हे पत्र चुलीत घालू नकोस. वाचून दाखव सगळ्यांना, भाव बरा येईल.

तौरिया