डोळ्यात साप असलेल्या राजाची लेक

३ नोव्हेंबर २००७, ब्राउनश्वाइग

उर्जा आज माझ्याशी बोलली! आपणहून! अख्खं वाक्य! जर्मनमध्ये होतं, ते सोडा.

नीलिमाने सांगितलं, "बाबा, ती विचारतेय, तुम्हाला झाडं काढता येतात का?" झाडं म्हणजे वंशावळी. येतात का? अगं, आपल्या कुलवृत्तांताचा मी संपादक! आयुष्यात दुसरं काही धड जमलं नाही, पण अमक्याचा खापरपणजा कोण, ते झोपेतून उठवून विचारा. लेकीकडे येऊन महिना झाला. नातीच्या तोंडून 'हालो' आणि निरोपाचं 'चुस' यापलीकडे काही निघालं नव्हतं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आणि माझं जर्मन ट्रामच्या तिकिटापुरतं.

शाळेची सहल हाइटाबूला गेली होती, व्हायकिंगांच्या जुन्या गावी. आता इतिहासाच्या बाईंनी एकेकाला काम वाटून दिलंय. उर्जाच्या वाट्याला दंतकथेतले राजे आले. राग्नारपासून नॉर्वेच्या हाराल्डपर्यंतची वंशावळ मोठ्या कागदावर काढायची आणि सोळा तारखेला वर्गापुढे उभं राहून सांगायची.

मी बाह्या सरसावल्या आहेत.

४ नोव्हेंबर

राग्नार लोडब्रोक. लोडब्रोक म्हणजे केसाळ चड्डीवाला!! महासर्पाच्या विषापासून वाचायला घातली होती म्हणे. मला हसता हसता ठसका लागला, उर्जाने पाणी आणून दिलं. पोरांची नावं तर त्याहून वरताण — बियॉर्न लोखंडी बरगड्यांचा, इवार बिनहाडांचा, आणि धाकटा सिगुर्ड डोळ्यात साप असलेला. आमच्या घराण्यात टोपणनावांची मजल 'धाकटे नाना'पर्यंतच गेली.

ती जर्मन पुस्तकातून वाचते, मी इंग्रजीतून. बोट ठेवायचं आणि नाव म्हणायचं. सिगुर्डने लेकीचं नाव आपल्या आईचंच ठेवलंय — आस्लाउग. म्हटलं, बघ, आजीचं नाव नातीला, थेट आपल्यासारखं! ती म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. मीही म्हणालो, गेनाऊ. छान शब्द आहे. कुठेही बसतो.

६ नोव्हेंबर

जावईबापूंनी जेवताना पिन मारली. "बाबा, या राग्नारचा काही पुरावा नाही हं. निम्मा बनवलेला माणूस आहे." देवदत्तराव इंजिनिअर, त्यांना सगळं मोजून लागतं.

म्हटलं, आपल्या मूळपुरुषाला वाघाने नदीचा उतार दाखवला, त्याचा कुठे पुरावा आहे? छापलंच ना आपण? पहिल्याच पानावर! राजाला बाप लागतो. नसला तर लोक शोधून देतात. जावईबापू हसले आणि त्यांनी आणखी भात घेतला.

७ नोव्हेंबर

कागद पुरा झाला. उर्जा शाळेत असताना एकट्याने बसून काढला — पिढ्यांचे आकडे, महिरपी, सगळं आमच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने. दिसतो काय झकास! संध्याकाळी दाखवणार होतो, पण तिचा बास्केटबॉल होता. उद्या.

८ नोव्हेंबर

फजिती.

उर्जाने कागद वरून खाली पाहिला. मग खालून वर पाहिला. "आबा, वो इस्ट हाराल्ड?" हाराल्ड कुठाय?

नव्हताच! ज्याच्यापर्यंत पोचायचं तो राजाच गायब! बाकी सगळी मंडळी जागच्या जागी. झालं होतं असं — सिगुर्डची लेक आस्लाउग आली, मी तिच्यापुढे सवयीने 'विवाहित' लिहिलं आणि रेघ थांबवली. आमच्यात तसंच असतं. लेक सासरी गेली की तिची मुलं तिच्या सासरच्या पुस्तकात. हात आपोआप चालला. आणि इथे तर आस्लाउगचा मुलगा दुसरा सिगुर्ड, त्याची लेक राग्नहिल्ड, आणि तिचा मुलगा हाराल्ड! अख्खी वाट लेकींच्या अंगणातून जाते.

मी तिला समजावून सांगितलं. हाराल्ड आपल्या बापाच्या पानावर जातो, असा नियम असतो बाळा. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या टेबलावरचे कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे छापील ताव आणले — मी तपासायला पुण्याहून बरोबर आणलेत, महिनाअखेर परत पाठवायचेत. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तरी शोधलं. माझं नाव, त्याखाली 'कन्या नीलिमा, विवाहित, जर्मनी'. त्याखाली कोरं.

"उंड इश?"

आणि मी? एवढं जर्मन मला कळलं. मला दुसरं मूल नाही. म्हणजे माझं पान तिथेच संपतं.

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकल्या तेलात विरघळल्या. नीलिमा झारा हातात धरून म्हणाली, "जाऊ द्या बाबा, मला सवय आहे." चकल्यांबद्दलच बोलत होती असं मी धरून चाललो. तसं नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

११ नोव्हेंबर

नवा कागद. या वेळी उर्जा काढते आणि मी रंग भरतो. तिने बायकांना लाल रंग दिलाय. ठिकठिकाणी लाल, आणि त्यातली एक जरी काढली तरी खालचा राजा धपकन पडतो! ती प्रत्येकीवर अंगठा ठेवून मला दाखवते — "वेक!" गेला! दुपारभर हाच खेळ. मी हाराल्डसारखा सोफ्यावर पडून दाखवलं. नीलिमा आतून ओरडली, "बाबा, कंबर!"

मी ठरवलं आहे. उर्जा पुस्तकात गेली पाहिजे. माझ्या पानावर, तिच्या आईखाली.

१२ नोव्हेंबर

पुण्याला फोन केला, श्रीपादला. आमच्या समितीचा अध्यक्ष, माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि नियमाच्या बाबतीत नुसता दगड. मी त्याला सगळं सांगितलं. राग्नारसकट!

"वासुदेवा, तुला तिकडची थंडी बाधली आहे," म्हणाला. "व्हायकिंगांचे नियम आपल्याला लावतोस? लेकींची मुलं घेतली तर पुस्तक दुप्पट होईल."

म्हटलं, होऊ दे.

"कुठेतरी रेघ मारावीच लागते."

म्हटलं, मग माझ्या नावाच्या वरती मार. पुस्तकात उर्जा नसेल तर मीही नको. आणि संपादकही दुसरा बघ! फोन ठेवला. नीलिमा दारात उभी होती. तिने कढत कढत चहा आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिली. बरं वाटलं. वाईटही वाटतंय. श्रीपादशी मी आजवर असा कधी बोललो नव्हतो.

१४ नोव्हेंबर

श्रीपादचा फोन नाही. मीही करणार नाही.

१६ नोव्हेंबर

उर्जाला एक मिळाला! मी ऐकलं आणि माझा चेहरा पडला — एवढी मेहनत, आणि एक मार्क? त्या बाईंना म्हणावं, दाखवा मला कागद! मग जावईबापूंनी सांगितलं, इथे एक म्हणजे सगळ्यात वरचा. सहा म्हणजे नापास. उलटाच कारभार! पण एक! एक!!

वर्गात तिने माझा चुकलेला कागदही दाखवला म्हणे. आधी तो, मग दुसरा. पोरं खूप हसली आणि मग बाईंनी विचारलं, पहिल्या कागदात किती माणसं हरवली? कुणालाच मोजता येईनात.

रात्रीच्या जेवणानंतर मी ताव पिशवीत भरत होतो. तपासून परत पाठवायचे, बाकी पुढचं पुढे. उर्जा आली, पिशवीत डोकावली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आबा, राहू दे तुझं पुस्तक. मी आहे ना."

मला रडू आलं. लपवलं नाही.

१९ नोव्हेंबर

श्रीपादचा फोन. इतकी वर्षं समितीत शेजारी बसतोय, पण याने घरच्या नातवंडांचा कधी विषय काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. आज तो खाकरला. म्हणाला, "तुझ्या उर्जाचं लिहून झालं की माझीही घे. थोरल्या लेकीची दोन, धाकटीची दोन. सावकाश सांगतो — एकही सुटता कामा नये."