दुकानावर चढलेला फ्लेक्स

मंगळवार, संध्याकाळ. पाटोदा

सकाळपासून माझं चटण्यांचं ऑनलाइन दुकान बंद. उघडावं तर कोरं पान! पासवर्ड बदलून पाहिला, कालचे बदल काढून पाहिले, शेवटी होस्टिंगवाल्याला फोन केला. म्हणाला, "ताई, जागा भरलीय. एकच फोटो भलताच मोठा आहे."

कुठला फोटो? दिरानं त्याच्या पुढारी साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची फाइल जशीच्या तशी माझ्या दुकानात चढवलेली. मला न विचारता!

काढली, तेव्हा दुकान सुरू झालं. तर हाच भडकला, "वहिनी, कावून काढला? सायेब नाराज होतील ना!"

आणि माझी गिऱ्हाइकं?

काढण्याआधी तो फोटो मोठा करून पाहिला होता. साहेबांच्या पायाशी शुभेच्छुक म्हणून दीर, गॉगल लावून. खाली माझ्या दुकानाचं नाव आणि पुढं लिहिलेलं, 'मालक'.

उद्या कारळं कुटायचीत. या म्हणावं, मालक.