क्लृप्त्यांचं बिऱ्हाड

करंजाडे, पनवेल
पोपटीचा मोसम

प्रिय सॉलोमन यास,

कमलाकरचा रामराम, शालोम आणि पाठीत एक धपाटा. (क्रम आपल्या सोयीने लावावा.) तुझे गुडघे, बेलावहिनींचं ब्लडप्रेशर आणि चिरंजीव यायरचा नवा फ्लॅट, सगळं ठाकठीक असेल अशी आशा आहे. तिकडे इस्रायलात, अश्दोदला चांगलं पापलेट मिळतं का, या प्रश्नाला तू मागच्या वेळी बगल दिलीस, त्यावरून मी काय ते समजलो. इकडे आम्ही सुखरूप. आमची सौ. आशालताही बरी आहे, म्हणजे तब्येतीने. (फोन सोडून एवढा लांबलचक ईमेल का, हे विचारू नकोस. आमच्या फ्लॅटच्या भिंतींना कान आहेत आणि हल्ली ते फार तिखट झालेत.)

तर विषय असा. तू आपल्या पनवेल संगणक मित्रमंडळासाठी उभी केलेली 'क्लृप्ती' ही साईट महिनाअखेरीला बंद पडणार, असं तिला जागा देणाऱ्या कंपनीने कळवलंय. अक्षरांच्या जागी चौकोन उमटले तर काय करावं, सोसायटीच्या सभेचा वृत्तांत छापताना पानांचे आकडे कुठून सुरू करावेत, लग्नपत्रिकांवरचे पत्ते एका दमात कसे छापावेत, या तुझ्या क्लृप्त्यांवर इथून उरणपर्यंतच्या झेरॉक्सवाल्यांचे संसार चालले. ते सगळं बुडू नये म्हणून मी घरच्याच जाणकाराला गाठलं. माझी भाची स्नेहल रोडपालीला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, मामा, विकी करू. सगळ्यांनी थोडं थोडं उचलून इकडून तिकडे न्यायचं, दोन रविवारी काम उरकेल. पनवेलमध्ये वाढलेली मुलगी असं बोलते, यावरून आपली शाळा कुठे कमी पडली ते बघ.

पहिली बैठक नेऱ्याला भगवानच्या फार्महाऊसवर झाली. (भगवान म्हणजे जमिनीचे पैसे आल्यावर बिल्डर झालेला तोच, एन्टरचं बटण खिळा ठोकल्यासारखं दाबणारा.) शेकोटीत पोपटीचं मडकं लावलं होतं. मडकं उघडेपर्यंत मंडप समिती, स्वागत समिती आणि अल्पोपाहार समिती नेमून झाल्या. वालाच्या शेंगा सोलता सोलता स्नेहलने विचारलं, की क्लृप्त्या हलवण्याची समिती कुठे आहे? तेव्हा ती नेमून तिलाच निमंत्रक केलं. सदस्यही तीच एकटी.

मग तिने विकी समजावून सांगितला. पानावर कुणाचं नाव नसतं आणि कुणीही कुणाच्या लिखाणात दुरुस्ती करू शकतो. शेकोटीभोवती सगळ्यांनी शेंगा खाली ठेवल्या. शेवटी भगवान म्हणाला, "आमचं नाव नाय, तं आमी लिवायचं कशाला?" प्रश्न रास्त होता. सर्वानुमते ठरलं, की प्रत्येक क्लृप्तीच्या डोक्यावर लग्नपत्रिकेसारखी वडीलधाऱ्यांची नावं मानाने घालायची. त्याच आठवड्यात स्नेहलने नमुन्याचं पान केलं. त्यावर भगवानने आपली एकुलती एक क्लृप्ती चढवली, 'संगणक अडकला तर बंद करून चालू करावा.' रात्रीत कुणीतरी पुढे जोडलं, 'आधी काम सेव्ह करावं.' भगवान रुसला. त्याला आणायला मला मिठाईचा पुडा घेऊन जावं लागलं, आणि जावई नसूनही जावयाचे सगळे नखरे त्याने केले.

शुभारंभाच्या बॅनरचं मात्र मनावर घेऊ नकोस. संस्थापक म्हणून तुझा फोटो टाका, असं मी बजावलं होतं. बॅनरवाल्याने तो वर कोपऱ्यात, 'प्रेरणास्थान' या शब्दाखाली टाकला. आता त्या कोपऱ्यात आपल्याकडे कोण असतं ते तुला ठाऊक आहे. दोघांनी मला गाठून विचारलं, की कधी गेले हो? मी म्हटलं, यायरच्या पाठोपाठ. त्यांनी हळहळून यायरचीही चौकशी केली.

शुभारंभाला नारळ फुटला, माझा शाल देऊन सत्कार झाला (मी काय केलं होतं हे कुणी विचारलं नाही) आणि प्रोजेक्टर लागला. स्नेहल म्हणाली, मामा, जुन्या साईटचा पासवर्ड? तो तुझ्याकडे, आणि तुझा फोन लागेना. वरात तयार, घोडा तयार, आणि नवरीकडचं दार उघडायला किल्लीच नाही! तिने 'पासवर्ड विसरलात?' यावर दाबलं, तेव्हा भिंतभर प्रश्न उमटला, 'तुमच्या जिवलग मित्राचं नाव काय?'

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. मी शाल सावरली, लाजलो आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव टाकलं. उत्तर चुकीचं. भगवान म्हणाला, "थंडीनं बोटा आखडली आसतील, जोरात दाबा." मी मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, आडनावासकट टाकलं, शेवटी तू मारायचास ती 'कमळ्या' हाकही टाकली. प्रत्येक वेळी लाल अक्षरं, भिंतभर. मग साईटने आम्हाला दिवसभरासाठी बाहेर काढलं.

मला काही वाटलं नाही. उगाच आपलं विचारतो, तुझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर उभी तरुणाई कुणी काढली? तू निघालास तेव्हा विमानतळावर हुंदके कुणी दिले? बेलावहिनींचा सख्खा भाऊ वडापाव खात होता. वाईट वाटलं रे. फार वाटलं. पण साईट बुडता कामा नये, एवढंच माझं म्हणणं.

बेलावहिनींना नमस्कार.

तुझा (निदान माझ्या बाजूने),
कमलाकर

ता. क. वरचं काल लिहून ठेवलं होतं; आशालताची तब्येत आणि भिंतींचे कान तेवढे आज घातले. आज साईट उघडली. आशालता मटार सोलता सोलता म्हणाली, "बेला घालून बघा ना." मी म्हटलं, अगं, मित्र विचारलाय, बायको नाही. ती म्हणाली, "घाला तर." उघडली. स्नेहलने दुपारभरात एकटीने सगळ्या क्लृप्त्या हलवल्या. बाकीच्या समित्या विश्रांती घेत आहेत. माझी आता काही तक्रार नाही, वहिनींचं अभिनंदन कर.

ता. ता. क. खरं काम हे आहे. साईट उघडल्यावर आशालताने मटार सोलतच विचारलं, "आणि तुम्हाला हाच प्रश्न आला असता तर?" मी अजून गहिवरलेलाच होतो. पटकन बोलून गेलो, "सॉलोमन." तेव्हापासून ती माझ्याशी स्नेहलमार्फत बोलते, आणि मटारची उसळ शेजारी गेली. तेव्हा तुझा शनिवारचा शब्बाथ पाळून झाला की आधी तिला फोन कर आणि सांग, की विमानतळावर मी हुंदके देताना म्हणत होतो, 'सॉल्या, तू जा, माझी जिवलग आशालता आहे.' खोटं बोलवत नसेल तर वहिनींना बोलायला दे.

ता. ता. ता. क. तोवर खबरदारी म्हणून मी विकीवर माझ्या नावाने एक क्लृप्ती टाकली, 'गुप्त प्रश्नाचं उत्तर नेहमी बायकोचं नाव ठेवावं.' चहा करून येतो (स्वतः केला), तर कुणीतरी पुढे जोडलं होतं, 'आणि विचारल्यावर तेच तोंडातून निघावं.' विकीच्या पानावर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव नसलं, तरी त्याची नोंद आत असते म्हणे. मी उघडून बघितली. आशालता. तिला विकी येतो हे मला माहीत नव्हतं. तू फोन कर.