लाल टोपीची खुर्ची

सेंट ऑल्बन्स, मॅनिटोबा
रविवार, १३ ऑक्टोबर २०१३

माझ्या लाडक्या, रुसलेल्या डेलियास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आजोबांचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतोय, तोंड मात्र ठणठणीत आहे. गुरुवारी पहिला बर्फ पडला आणि दुपारपर्यंत वितळलाही. माझी शाळेची बस नेहमीसारखीच सकाळी सुरू व्हायला कुरबुर करते आणि मी नेहमीसारखीच तिला शिव्या देते. उद्या थँक्सगिव्हिंग. टर्की आणलीय, ती आम्हा दोघांना आठवडाभर पुरून उरेल.

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा तू नेमकी आंघोळीला गेलेली असतेस. तुझी आई बिचारी खोटं बोलताना अडखळते. अगं, इतकी आंघोळ बदकंसुद्धा करत नाहीत! तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला आंघोळीचं निमित्त सांगता येत नाही.

तू परत पाठवलेली इथल्या आइस हॉकी संघाची जर्सी मिळाली. पाठीवर तुझं नाव घालून घ्यायला मी केवढ्या रांगेत उभी होते, ते जाऊ दे. सोबत तुझी चिठ्ठी होती: "आत्या, हा संघ माझा होता. तुम्ही लोक चोर आहात." मी ती आजोबांना वाचून दाखवली. ते इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. म्हणाले, "खाण तशी माती! सिग्रुन, ही तर तूच."

खरंय ते. मीच. आपला संघ इथून गेला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तेव्हा त्याचं नाव ट्रॅपर्स होतं. मालकाने तो दक्षिणेत विकला. वाळवंटात, तुमच्या पालोमात, जिथे लोकांना बर्फ फक्त पेल्यात माहीत! मी जुन्या रिंकच्या दाराशी उभी राहून रडले होते, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं. नव्या मालकांनी नाव काय ठेवलं, तर स्कॉर्पियन्स. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. इथून तिथे गेलं, उद्या तिथून आणखी कुठे जाईल." त्यांची वाणी खरी ठरली. फक्त बिऱ्हाड फिरून यंदा आमच्याच दारात येईल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

तुझे बाबा संघाबरोबर गेले. खेळाडूंच्या स्केटना धार लावायची, एवढंच त्याला येत होतं आणि तेवढंच आवडत होतं. "ताई, दोन वर्षांत परत येतो," म्हणाला. मग त्याला मारिसोल भेटली, मग तू झालीस, आणि दोन वर्षं काही संपेनात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी तक्रार आहेच.

आता कालचं सांगते. वाचणार नसशील तर इथेच थांब. पण थांबू नकोस.

काल नव्या रिंकमध्ये पहिला सामना झाला. गावात कुणी घरी नव्हतं. अंत्यविधीचं काम पाहणारे आमचे स्टेफान्सन, त्यांनीही दारावर पाटी लावली होती की आजच्या दिवस कृपा करून मरू नका. आम्ही तीन खुर्च्या घेतल्या आहेत, जुन्या रिंकमध्ये होत्या तशाच, ओळीने. एक आजोबांची, एक माझी, आणि मधली तुझ्या बाबांची.

आमच्याकडे एक रीत आहे, पालोमात असेल असं वाटत नाही. वर्षभराची खुर्ची घेतलेल्या घरातलं कुणी आजारी पडलं, बाळंतीण झालं किंवा गावाला गेलं, तर त्या माणसाची लोकरीची टोपी त्याच्या खुर्चीवर ठेवायची. मग तिथे कुणी बसत नाही. महापौर आला तरी उभा राहील. टोपीचा अर्थ एवढाच, की हा माणूस येणार आहे.

तुझ्या बाबांची टोपी लाल होती. कानांवर झापडं असलेली, तुझ्या आजीने विणलेली, डाव्या झापडाला उसवलेली. पालोमात टोपी काय करायची, म्हणून तो इथेच ठेवून गेला होता. जुनं रिंक पाडलं तेव्हा आजोबांनी आपल्या तीन खुर्च्या मागून आणल्या आणि तळघरात बसवल्या. सामना टीव्हीवर तिथे बसून बघायचो आणि मधल्या खुर्चीवर टोपी असायची. तुम्ही तिकडे विंचू झालात तरी आम्ही तुमचाच सामना बघायचो, आणि आजोबा एकेका स्केटकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, कडेला कसा चावतोय बर्फ. आपल्या पोराची धार आहे ती."

तर काल ती टोपी मी पिशवीतून नेली आणि नव्या मधल्या खुर्चीवर ठेवली. शेजारी आमच्या त्याच जुन्या पेटकाऊबाई. एवढ्या वर्षांनी शेजारी बसलो, पण त्यांची जीभ तशीच.

"काय गं सिग्रुन, टोपीचंसुद्धा तिकीट काढलंस?"

"काढलं. तुमच्यापेक्षा कमी बडबड करते ती."

"भाऊ येतोय मग, हॉलडोर?"

मी पॉपकॉर्न खायला लागले.

तुला राग येईल, पण सांगते: ओलेन्यिक काल असा खेळला की बस! हो, तुझाच ओलेन्यिक. तुमच्या मुलींच्या संघाला शनिवारी गोल कसा मारायचा ते शिकवायला यायचा तो. त्याने पहिला गोल केला तेव्हा मी ओरडले. दुसरा केला तेव्हा सगळं रिंक त्याचं नाव घेऊन ओरडत होतं, आणि मला एकदम तू आठवलीस. तुझ्या बाबांनी मला सांगितलंय, पालोमातला शेवटचा सामना संपल्यावर तू खुर्चीतून उठतच नव्हतीस. "ताई, मी धारेचं यंत्र खोक्यात भरून गाडीत चढवलं, दिवे बंद व्हायला लागले, तरी ही बसूनच. रडतही नव्हती गं. नुसती बर्फाकडे बघत होती." ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि माझं तर जळून झालं होतं ना? मग तुझं जळताना मी जर्सीच्या रांगेत कशी उभी राहिले?

चहा घेऊन आले. आजोबा उठलेत. विचारतायत, "इतकं काय लिहितेयस, कादंबरी?" आता जे टाळत होते ते लिहिते.

तुझ्या बाबांना संघाने इकडे बोलावलंय. तुला हे माहीत नाही. ठरेपर्यंत तुला सांगू नको, असं त्याने मला बजावलं होतं. सध्या तो तुमच्या छोट्या रिंकवर पोरांच्या स्केटना धार लावतोय, ते संघातलं काम संपलं म्हणून नव्हे, तर निर्णय होईना म्हणून. महिनाअखेरपर्यंत संघ त्याची जागा राखून ठेवणार आहे. तो आला तर तुम्हीही याल. तुझी शाळा सुटेल, तुझा मुलींचा संघ सुटेल, मारिसोलची आई, मावश्या, सगळं सुटेल. आधी संघ गेला, मग गावही जाईल.

तीन रविवारांपूर्वी त्याने मला सरळ विचारलं, "ताई, येऊ का?"

आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. दर रविवारी मी त्याला हवापाणी सांगते, गुडघा सांगते, आणि तेवढंच सांगत नाही. कारण डेलिया, मला तो हवाय. माझा धाकटा भाऊ मला माझ्या स्वयंपाकघरात बसलेला हवाय, बोटांना लोखंडाचा वास येणारा, केकमधला आलुबुखार आधी उकरून खाणारा. सतरा वर्षं मी दुसरं काही मागितलं नाही. संघ परत येतोय असं रेडिओवर ऐकलं तेव्हा मी बस रस्त्याच्या कडेला थांबवून रडले. पोरांना वाटलं मी संघासाठी रडतेय.

तिसऱ्या गोलाचं राहिलं.

तिसरा गोल झाला तेव्हा पाचच मिनिटं उरली होती. एकाच खेळाडूचा तिसरा गोल म्हणजे डोक्यावरची टोपी बर्फावर फेकायची, हे तुला काय सांगायचं! तुझ्या आजोबांनी आयुष्यात एकही तिसरा गोल टोपी न फेकता सोडला नाही. पण जुन्या रिंकमध्ये थंडीने दात वाजायचे, हे नवं रिंक उबदार, म्हणून त्यांनी टोपी कोटाबरोबर बाहेर ठेवली होती. सगळीकडून टोप्यांचा पाऊस, आणि म्हातारा डोकं चाचपतोय. रिकामं! तर त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलली आणि भिरकावली. काय हात आहे अजून! काचेवरून थेट बर्फात.

मग त्यांच्या लक्षात आलं. खाली बसले. म्हणाले, "अगं, ती पोराची होती."

पेटकाऊबाईंनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात ठेवला.

सामना संपल्यावर मी खाली धावले. टोप्या फावड्याने गोळा करून मोठ्या खोक्यांत भरल्या होत्या. थंडीत ज्यांना टोपी नाही त्यांना त्या वाटतात. तिथल्या बाईला सांगितलं, "लाल आहे, कानांवर झापडं आहेत."

"बाई, अर्ध्या गावाच्या टोप्या लाल आहेत आज."

"डावं झापड उसवलंय."

तिने हात जोडायचे बाकी ठेवले आणि खोकं माझ्यापुढे सरकवलं. मी कोपरापर्यंत हात घालून शोधलं, आणि सापडली. ओली झाली होती. छातीशी धरून बाहेर आले, तर आजोबा काठी टेकत दारात उभे.

"सापडली?"

"सापडली."

"परत टाक."

"बाबा, आईने विणलीय ती."

"डोक्यावर घालायला विणली होती. सतरा वर्षं खुर्चीच्या बुडाखाली..." मग चुकलं म्हणून स्वतःच हसले. "खुर्चीच्या बुडावर बसलीय. आता खरी थंडी येईल. कुणाच्या तरी कानांवर बसू दे."

मी हललेच नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, "हॉलडोर काय म्हणाला?"

"येऊ का विचारतोय."

"आणि तू?"

"मी काहीच बोलले नाही."

"गप्प बसलीस म्हणजे 'ये' म्हणालीस. त्याला ते कळतं. तुलाही कळतं, म्हणूनच गप्प बसलीयस." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही तो हवाय, सिग्रुन. पण तिकडे एक पोरगी खुर्चीतून उठत नव्हती."

मी टोपी परत खोक्यात टाकली. त्या बाईला वाटलं असेल, बाप-लेक दोघंही सटकलेत. गाडीत बसल्यावर मी खूप रडले. आजोबांनी हीटर वाढवला, आणि एवढंच म्हणाले की ओलेन्यिकच्या स्केटला धार बरी नव्हती, तरी तीन गोल केले.

तुझ्या बाबांच्या फोनची वेळ होत आली. इथे थांबते.

फोन झाला.

तू आजही आंघोळीला गेली होतीस, ते बरं झालं. मी त्याला हवापाणी सांगितलं नाही. म्हटलं, "हॉलडोर, काल बाबांनी तुझी टोपी टाकली बर्फावर."

त्याने विचारलं, "तीन झाले होते का?"

"तीन."

"मग टाकायलाच हवी होती," म्हणाला. त्याचा आवाज वेगळा येत होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे..."

मी म्हटलं, "म्हणजे तेच. येऊ नकोस रे. उन्हाळ्यात ये, सगळ्यांना घेऊन ये, केक खा आणि जा." आणि मी आधी फोन ठेवला. त्याने ठेवला असता तर मला तो आवाज ऐकवला नसता.

तुझी जर्सी पुन्हा पाठवत नाही. आलुबुखाराचा केक तेवढा पाठवतेय, आजीच्या पद्धतीचा, सात थरांचा. टोपी नसेल तर मधल्या खुर्चीवर आता कुणीही बसू शकतं, रीतच आहे तशी. पेटकाऊबाईंचा डोळा आहे तिच्यावर, पर्स ठेवायला. तू कधी आलीस तर तिथे बस. विंचवाची जर्सी घालून ये आणि आम्हाला वाटेल तेवढ्या शिव्या घाल. मी पेटकाऊबाईंना सांगून ठेवीन, ही आमचीच आहे.

संघ मी परत देऊ शकत नाही, पोरी. तो माझ्या हातात कधीच नव्हता. जे हातात होतं ते परत करतेय. त्याला नीट सांभाळ. थंडी नसली तरी संध्याकाळी त्याचे कान गार पडतात.

अर्धी चोरी परत करणारी,
तुझी आत्या
सिग्रुन