‘पाताळकोप’वर माझं कडक परीक्षण

सोमवार, ९ जून
शेवगावात ‘पाताळकोप’ लागला. धरण फुटतं, डोंगर फाटतो, जहाज उडून घंटाघरावर पडतं म्हणे. पुण्याच्या पेपरांनी एकच स्टार दिलाय, आणि सगळ्यांनी ‘कानठळ्या’ हा शब्द वापरलाय. मी वापरणार नाही. वाल्मिक, माझा जुना विद्यार्थी, त्याच्या साप्ताहिकात परीक्षणाला अर्धं पान देतोय.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चादर बांधून सिनेमा दाखवायच्या. प्रोजेक्टरची टिकटिक तेवढी ऐकू यायची. किती शांत रडायचो आम्ही.

मंगळवार, १०
निश्चय: कानात कापूस. पॉपकॉर्न नाही. मध्यंतरात निषेध म्हणून बाहेर.
महेंद्रना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत माझं एकही मत खोडलेलं नाही. असा रसिक नवरा मिळायला भाग्य लागतं.
साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये तीस हंगाम काढले, त्यात त्यांचे कान गेले. कानाचं मशीन टोचतं म्हणून लावत नाहीत. अकरा वर्षं सिनेमा नाही. उद्या मात्र येतो म्हणाले. ‘शेवगाव’ एवढंच ऐकलं असावं. भाजीची पिशवी काढून ठेवलीय.

बुधवार, ११. दुपारचा शो
पडद्यावर लाट आली, लोक धडाधड दारं लावू लागले. शेजारच्या बनुबाईंचं माहेर शनिशिंगणापूर, बिनदारांच्या घरांचं गाव. त्या म्हणाल्या, “दारं लावून पानी थांबतंय व्हय?” मुद्दा चांगला आहे. माझ्या शब्दांत घेईन.
मध्यंतरात उठले. महेंद्र उठेनात. त्यांना एकटं कसं सोडणार? पॉपकॉर्न त्यांनीच आणलं.
जहाज पडलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाले, “दीपा, समदं ऐकू येतंय. गाळप चालू असल्यासारखं.”
मी कापूस काढला. रडले नाही. एसीने डोळ्यांत पाणी येतं.

शुक्रवार, १३
परीक्षण झालं. सहाशे शब्द, एकाहून एक कडक. महेंद्रना ऐकू जावं म्हणून या वेळी ओरडून वाचलं. त्यांनी मान डोलावली नाही. म्हणाले, “असं लिहितेस व्हय तू? लई तुसडं हाय गं.”
थोडी काटछाट करते.

रविवार, १५
छापून आलं. पूर्ण मजकूर: ‘पाताळकोपचा आवाज स्पष्ट आहे. दुपारच्या शोला गर्दी नसते.’
बुधवारी आम्ही परत जातोय. अभ्यासासाठी.
महेंद्र आजपासून घरात मशीन लावायला तयार झालेत. अट एकच, मी परीक्षणं वाचून दाखवायची नाहीत.
मान्य केलं. लिहू नको असं काही ते म्हणालेले नाहीत.