कंट्रोलच्या बटणावर कुंकू

प्रिय भक्ती,

फोनवर मी काही सांगायला लागले की तू मध्येच 'आई, हात कसा आहे' विचारतेस आणि माझं सांगणं राहून जातं. म्हणून हे पत्र. कंपनी सुटल्यावर ऑफिसातच बसून टाइप केलंय, एकट्या डाव्या हाताने, आणि माऊसला शिवलेसुद्धा नाही. आधी तेवढं कौतुक करून घे, मग पुढे वाच.

स्कूटरवरून पडल्यापासून उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, हे तू पाहून गेलीसच. आणि डिस्पॅचचं आमचं काम म्हणजे दिवसभर माऊस. माल घेऊन निघालेली गाडी कुठे पोचली ते ट्रान्सपोर्टवाल्यांच्या साइटवर बघायचं, आणि प्रत्येकाची साइट वेगळी. डाव्या हातात माऊस धरला तर बाण पडद्यावर दारू प्यायल्यासारखा हिंडायचा. चंद्रकांत साहेब माणूस चांगला, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघू कावेरीताई, काम पूर्वीसारखं झालं नाही तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तरी तुला कुठून तरी कळलंच.

मग तू फोनवरून माझी शाळा घेतलीस. कंट्रोल आणि टी दाबलं की नवं पान, कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की पान बंद. लांबलचक यादीत गाडीचा नंबर हवा असेल तर कंट्रोल आणि एफ. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब. मी चिडायचे, तुला नर्सबाई म्हणून टोमणे मारायचे, आणि तू न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायचीस. हा शांतपणा तुझ्यात कुठून आला कोण जाणे, माझ्या माहेरी तर कोणातच नाही. जिला तू सुई टोचशील त्या बाईला कळणारही नाही, इतकी तू चांगली नर्स होणार आहेस. आणि मीही काही कमी नाही हं. आता मी सगळ्या साइट एकदम उघडून ठेवते आणि कंट्रोल टॅब, कंट्रोल टॅब करत फिरते. शेजारच्या टेबलावरची चंदा परवा म्हणाली, तुले ते जमी गयं वं. शिरपूरकडची बाई, सहजासहजी कोणाला चांगलं म्हणायची नाही.

पण फजिती ऐक. दसऱ्याला कंपनीत मशिनांची पूजा झाली. दरवर्षी मी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहते. यंदा म्हटलं, जे बटण माझं पोट भरतंय त्याला आधी मान, आणि कंट्रोलच्या बटणावर चांगलं ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी साहेब नेमके माझं काम बघायला मागे येऊन उभे. वाडा गावाला गेलेली गाडी शोधायची होती. वाड्याचा डब्ल्यू दाबला तर पानच बंद. पुन्हा दाबला, दुसरं पान बंद. वाटलं, गेली नोकरी.

मग खाली बघितलं. कुंकू वाळून कंट्रोलचं बटण आतच रुतून बसलं होतं, म्हणून मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरला हुकूम वाटत होतं. म्हटलं, कंट्रोल दाबलेलाच आहे ना, मग शिफ्ट आणि टी तेवढं दाबते. बंद झालेली पानं एकेक करत परत आली. डोक्यातली पिन काढून बटण उचललं, पदराने पुसलं, गाडी शोधून दिली. ती मनोरला उभी होती, टायर फुटून. साहेब हसले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी नुसत्या अक्षता वाहा. मी म्हटलं, म्हणजे पुढच्या वर्षी मी आहे? ते म्हणाले, तुम्ही नाहीतर कोण? भक्ती, त्या क्षणी मला माझाच इतका अभिमान वाटला की जेवणाच्या सुट्टीत मी अख्ख्या ऑफिसला जिलेबी खाऊ घातली.

आता खरं बोलते. तुझी मैत्रीण धनश्री हिचा काल फोन आला होता. तिच्यावर रागवू नकोस. दिवाळीनंतर तू हॉस्टेल सोडणार आहेस, शेवटचं वर्ष अर्धवट टाकून इथे जवळच मसाटला एका कंपनीत लागणार आहेस, तेही मला न सांगता, हे मला तिच्याकडून कळलं. पोरी, माझ्यासाठी एवढं करायला निघालीस म्हणून रात्रभर रडले आणि सकाळी तुझा भयंकर राग आला. त्या कंपनीला आजच नाही म्हणून कळव. दिवाळीला ये, पण पाहुणी म्हणून ये. फराळ खा, झोपा काढ, आणि भाऊबीज झाली की नाशिकची बस धर. इथे तुला सांभाळावं लागेल असं कोणी राहत नाही.

तुझीच कमावती आई,
कावेरी