बारच्या माइकवर मेडशीचं नाव

दमण

दादा, घरातल्या सगळ्याईले माहा जय भीम. मी धडधाकट आहो. जेवन टायमावर भेटते, समुद्र रोज दिसते.

फोनवर तू मले बोलूच देत नाही, म्हनून लिहून राह्यली. तू म्हनतं, "नवरा गेलेली बाई बारमंधी गाते, लोक काय म्हनतीन?" काहून रे? लग्नाआधी आपल्या गायन पार्टीत मले पेटीजवळ तूच बसवलं होतं ना?

किल्ल्याजवळच्या या बारमंधी मी दिवसा सैपाक करतो अन् सांजच्याले गातो. परवा एका गिऱ्हाइकानं खुश होऊन नोट देली. मी आपल्या गायन पार्टीच्या रिवाजापरमानं माइकवर त्याचं गाव-नाव घेऊन आभार मानले. त्याच्या गावात दारूबंदी, अन् तो घरी देवदर्शनाचं सांगून आलेला! बिचारा मेनूकार्डामांगं लपला. मालक म्हने, "मावशी, इथं कोनाचं नाव नाही घ्याचं."

काळजी करू नको, माही लेक स्नेहा रोज मले घ्याले येते. हे गेल्यापासून माहा आवाज कोनी ऐकलाच नव्हता, दादा. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

गानं मी सोडत नाही. थांबवाचं असंन तर ये. पुढच्या खुर्चीवर बसवतो, लिंबूसोडा पाजतो, अन् मालकाचं न ऐकता माइकवर सांगतो, "मेडशीचे उकंडराव, माहे मोठे भाऊ, याईच्या परवानगीशिवाय पुढचं गानं!"

तुही, लहानपनापासून न ऐकनारी,
दुर्पता